होळी ते मृग: घरच्या कुत्र्या-मांजरांची पूर्वतयारी

पावसाळा तोंडावर आला की गावोगावी गुरांच्या लसीकरणाची गडबड सुरू होते. घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी पाऊस पडण्याआधी टोचून घ्यायच्या असतात, हे गुरे पाळणाऱ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. गोठ्याच्या भिंतींच्या फटी साफ होतात, कुठे फ्लेम गनने त्या भाजून काढल्या जातात, म्हणजे आत दडलेले गोचीड जळून जावेत. रोग येण्याआधी त्याची वाट अडवायची, ही शेतकऱ्याच्या हाडात भिनलेली सवय आहे. त्याच गावातून शहरात आलेल्या कुटुंबाने फ्लॅटमध्ये लॅब्रॅडोर आणला की मात्र ती मागे पडते. कुत्रा जेवेनासा झाला, त्याच्या नाकातून रक्त आले, मांजर दोन दिवस पलंगाखालून बाहेर आले नाही, की मग दवाखाना शोधला जातो.

घरच्या कुत्र्या-मांजरांसाठीही महाराष्ट्रात असा एक तयारीचा काळ आहे आणि तो होळीपासून मृगापर्यंतचा आहे. वसंतात करायची बहुतेक कामे वैशाखातल्या उन्हासाठी आणि आषाढातल्या पाण्यासाठी असतात. ती फाल्गुन-चैत्रात झाली तर सोपी आणि स्वस्त पडतात. तीच जूनमध्ये करायला घेतली तर बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

अडचण अशी, की प्राण्यांच्या संगोपनाची माहिती मराठी घरात बहुतेक इंग्रजीतून येते आणि ती ब्रिटन-अमेरिकेतल्या वसंताची असते. तिथे बर्फ वितळते, हवा हळूहळू उबदार होते, महिनोन्‌महिने घरात कोंडलेले प्राणी बागेत येतात. तिथली पुस्तके डासांमुळे पसरणाऱ्या आणि कुत्र्याच्या हृदयात वाढणाऱ्या जंताबद्दल पानेच्या पाने लिहितात. अमेरिकेसाठी ते योग्यच आहे. भारतात मात्र या जंताचा उपद्रव मुख्यतः ईशान्येकडे आढळतो. ईस्टरच्या सुमारास घराघरात येणारी लिलीची फुले मांजराची मूत्रपिंडे निकामी करतात, हा इशाराही तिथे ठळक अक्षरांत असतो. (पुण्या-मुंबईतल्या पुष्पगुच्छांतही आता लिली असते, तेव्हा मांजर असलेल्या घरांनी तो इथेही पाळावा.) पण अंगणात वाळत घातलेली चिंच, रंगपंचमीचे रंग, मार्चमध्येच तापणारी गच्ची, भिंतीच्या पोपड्यांत दडलेला गोचीड यांबद्दल त्या पुस्तकांत काही सापडत नाही.

आपल्याकडचा वसंत मुळातच छोटा. पळस-पांगारा फुलतो, आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरतात, आणि पाहता पाहता विदर्भात पारा चाळिशीला पोहोचतो. त्यातून तो अधिकच आखडत चालला आहे. भारतीय हवामान विभागाकडे १९०१ पासूनच्या नोंदी आहेत. त्यांत २०२२ चा मार्च देशभरातल्या सरासरी कमाल तापमानाच्या हिशेबाने सर्वांत उष्ण ठरला आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीनेही तसाच उच्चांक गाठला. म्हणजे होळीनंतर उन्हाळा, ही जुनी समजूत धरून बसले तर तयारीचे दिवस हातातून निघून जातात.

या काळातल्या सगळ्या विषयांत गोचिडाला पहिला मान द्यावा लागतो, कारण महाराष्ट्रातल्या कुत्र्यांना वर्षभर सर्वाधिक त्रास देणाऱ्या आजारांपैकी काहींचा वाहक तोच आहे. कुत्र्याच्या अंगावर आढळणारा तपकिरी गोचीड इतर अनेक गोचिडांपेक्षा वेगळा वागतो. त्याला रान किंवा गवत लागत नाही. तो माणसाच्या घरातच आपले सगळे आयुष्य काढू शकतो. अंड्यातून निघालेली बारीक अळी कुत्र्याचे रक्त पिते आणि खाली पडते, कात टाकून पुन्हा चढते, पुन्हा पडते, आणि पूर्ण वाढ झाल्यावर तिसऱ्यांदा चढते. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी शेवटी अंगावरून उतरते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात हजारो अंडी घालून मरते. प्रौढ गोचीड उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. हवा तापू लागली की अंडी लवकर उबतात आणि हे चक्र वेगाने फिरू लागते.

कुत्र्याच्या अंगावर दिसलेले दोन-चार गोचीड म्हणजे घरातल्या एकूण गोचिडांचा अगदी थोडा भाग असतो. बाकीचे फटीत बसलेले असतात. म्हणून नुसते गोचीड वेचून किंवा औषधी साबणाने आंघोळ घालून घर मोकळे होत नाही. कुत्र्याला औषध हवे आणि घरालाही हवे: फटी सिमेंटने बुजवणे, कुत्र्याचे अंथरूण कडक गरम पाण्यात धुणे, व्हॅक्यूम फिरवणे, गरज पडल्यास जाणकाराकडून फवारणी. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये गोचीड थोडे असताना झाले, तर मे महिन्यात भिंतीवर चढणाऱ्या गोचिडांच्या रांगा पाहायची वेळ येत नाही.

गोचिडामुळे होणारे आजार जुनेच आहेत. एर्लिकिया हा जंतू कुत्र्यांत पहिल्यांदा ओळखला गेला तो १९३५ साली अल्जीरियात. जगाने तो खऱ्या अर्थाने मनावर घेतला व्हिएतनाम युद्धात. अमेरिकी लष्कराने तिथे नेलेले जर्मन शेफर्ड तापाने फणफणू लागले, त्यांच्या नाकातून रक्त वाहू लागले, रक्तातल्या सगळ्या पेशी घटत गेल्या आणि साठीच्या दशकाच्या अखेरीस असे शेकडो कुत्रे दगावले. दुसरा जंतू बबेसिया गिब्सोनी. त्याचे पहिले वर्णन तर भारतातलेच आहे: १९१० साली मद्रासमधल्या शिकारी कुत्र्यांच्या आणि एका कोल्ह्याच्या रक्तात तो सापडला. तो तांबड्या पेशींमध्ये शिरून त्या फोडतो. हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तपकिरी होते, कुत्रा चार पायऱ्या चढला तरी धापा टाकतो.

दवाखान्यांत या सगळ्याला मिळून ‘टिक फीव्हर’ म्हणतात. घरच्यांनी ओळखायच्या खुणा फारशा अवघड नाहीत: दोन दिवस अन्नाला तोंड न लावणे, अंग गरम लागणे, नाकातून रक्त, पोटाच्या उघड्या कातडीवर जांभळे ठिपके. यांतली एक जरी दिसली तरी रक्ततपासणी लांबवू नये. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन चांगले चालते, पण त्याचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो. पाचव्या दिवशी कुत्रा शेपटी हलवू लागला म्हणून गोळ्या बंद करणारी घरे पुष्कळ आहेत. अशा वेळी जंतू अंगात दबून राहतो आणि काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, अस्थिमज्जेवर घाला घालतो. त्या टप्प्यावर पोहोचलेला कुत्रा वाचवणे पशुवैद्यालाही फार कठीण जाते.

गोचीड दिसलाच तर चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावा. त्याच्यावर रॉकेल ओतणे, काडीने चटका देणे किंवा नखाने चिरडणे हे तिन्ही प्रकार टाळावेत. चिकटलेला गोचीड काही तासांतच जंतू रक्तात सोडू शकतो, त्यामुळे रविवारची साफसफाई एकटी पुरेशी नाही. आता महिन्याला एकदा किंवा तीन महिन्यांतून एकदा द्यायच्या चघळण्याच्या गोळ्या मिळतात आणि त्या खरोखर गुणकारी आहेत. ज्या कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली आहे, त्याच्या बाबतीत मात्र त्या देण्याआधी डॉक्टरांना विचारावेच लागते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली तसा इशारा दिला आहे. रफ कोली किंवा शेटलंड शीपडॉग जातीच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन कुणी देऊ पाहत असेल तर त्याला थांबवावे. या जातींतल्या अनेक कुत्र्यांत असा जनुकीय दोष असतो, की ते औषध थेट मेंदूपर्यंत पोहोचते.

इथे मांजराची गोष्ट वेगळी काढून सांगितली पाहिजे. मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा, असे समजून केलेल्या उपचारांनी मांजरे मरतात. बरीच रसायने निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यकृताची जी यंत्रणा माणसांत आणि कुत्र्यांत असते, ती मांजरात फार दुबळी असते. कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या गोचिडाच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. तेच मांजराच्या अंगावर टाकले तर काही तासांत त्याला झटके येऊ लागतात. ज्या घरात दोन्ही प्राणी एकमेकांना बिलगून झोपतात, तिथे कुत्र्याच्या अंगचे औषधही मांजराला बाधू शकते. ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणे म्हणजे तर सरळ विषप्रयोग. एक गोळीही जीव घ्यायला पुरते. वसंतातल्या आवराआवरीत अशा आणखी दोन वस्तू बाहेर निघतात. लोकरीच्या कपड्यांत ठेवायच्या डांबराच्या गोळ्या आणि फरशी पुसायचे फिनाईल. मांजर ओल्या फरशीवरून चालते आणि मग पंजे चाटते. चैत्रातली साफसफाई साबणाच्या पाण्यानेही तितकीच छान होते.

उन्हाचा विषय सगळ्यांना माहीत असल्यासारखा वाटतो, पण त्यातही बरेच गैरसमज आहेत. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गादीला जेमतेम येतो. शरीर थंड ठेवायची त्याची मुख्य सोय म्हणजे जीभ बाहेर काढून धापा टाकणे. ओल्या जिभेवरून, घशावरून हवा वेगाने खेळते आणि बाष्पाबरोबर उष्णता बाहेर जाते. हवेतच दमटपणा भरलेला असेल तर हे बाष्पीभवन मंदावते. म्हणून अकोल्याच्या कोरड्या ४० अंशांइतकीच मुंबईची घामट ३४ अंशांची दुपारही त्याच्या जिवावर बेतू शकते. त्याच्या शरीराचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०५ च्या पुढे गेले की धोका सुरू होतो.

चपट्या नाकाच्या जातींत ही सोयच अपुरी असते. ब्रिटनमधल्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या प्रकल्पातून मिळालेल्या लाखो कुत्र्यांच्या नोंदी तपासून २०२० साली काही अभ्यास प्रसिद्ध झाले. लॅब्रॅडोरशी तुलना करता उष्माघाताचा धोका पगला तिपटीहून अधिक, फ्रेंच बुलडॉगला सहापटीहून अधिक आणि इंग्लिश बुलडॉगला जवळपास चौदापट आढळला. गोल्डन रिट्रीव्हरसुद्धा अडीचपटीच्या पुढे होता. ही आकडेवारी थंड ब्रिटनमधली आहे, हे लक्षात घेतले की नागपुरात हस्की किंवा सोलापुरात पग पाळणाऱ्यावर केवढी जबाबदारी येते ते समजते. भारतात पग आणि शिह त्झूची पिल्ले विकत घेतली जातात ती घर लहान आहे म्हणून, हवेचा विचार फारसा कुणी करत नाही. विकणाऱ्यानेही तो बोलून दाखवलेला नसतो.

त्याच अभ्यासांतली दुसरी गोष्ट अधिक उपयोगाची आहे. उष्माघाताच्या सुमारे तीन चतुर्थांश घटना व्यायामामुळे घडल्या होत्या: पळणे, चेंडू आणणे, लांब फेरफटका. बंद गाडीमुळे घडलेल्या त्या मानाने फार थोड्या होत्या. मार्चमध्ये सकाळी नऊला, ‘अजून ऊन कुठे आहे’ असे म्हणत मैदानात चेंडू फेकणाऱ्या हौशी मालकाचा कुत्रा धन्याला खूश करण्यासाठी धावत राहतो. तो स्वतःहून थांबत नाही. म्हणून फिरायची वेळ होळीपासूनच पहाटे आणि रात्री न्यावी. डांबरी रस्त्यावर आपला हात उलटा करून पाच-सात सेकंद टेकवावा. चटका बसला तर त्या रस्त्यावर पंजेही टिकणार नाहीत.

गाडीचा धोका घटनांच्या संख्येने कमी असला तरी तो फार जलद मारतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, बाहेर फक्त २२ अंश सेल्सिअस असतानाही उभ्या गाडीच्या आतले तापमान तासाभरात ४७ अंशांच्या आसपास गेले. त्यातली बहुतेक वाढ पहिल्या अर्ध्या तासातली होती आणि काच थोडी खाली ठेवल्याने काही विशेष फरक पडला नाही. कुत्रा कोसळलाच तर आधी थंड करणे आणि मग दवाखाना, हा क्रम आज जगभरातले तज्ज्ञ सांगतात. सावलीत न्यावे, नळाचे पाणी सर्वांगावर ओतत राहावे, पंखा किंवा पुठ्ठ्याने वारा घालावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवला तर आतली उष्णता अडकते. ग्लानीत असलेल्या प्राण्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

केसांबद्दल थोडक्यात. दिवस मोठा होऊ लागला की प्राण्याची हिवाळी लव गळते. घरात रात्री उशिरापर्यंत दिवे असल्याने पाळीव प्राण्यांत हे गळणे वर्षभर थोडे थोडे चालूच राहते, पण वसंतात ते वाढते. रोज विंचरणे हाच त्यावरचा उपाय. हस्की, पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हरचा दुहेरी कोट उन्हाळ्यासाठी भादरून टाकण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. विंचरून मोकळा केलेला कोट कातडीला उन्हापासून वाचवतो. विंचरताना आपोआप गोचीड, पिसवा आणि खरजेचे चट्टेही हाताला लागतात, हा त्याचा दुसरा फायदा.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण महाराष्ट्राच्या वसंताची खास अशी एक जोखीम तिथे आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी ते एप्रिल हा नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम. तासगावकडे याच दिवसांत बेदाणे वाळतात. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांच्या लक्षात येऊन दोन दशके उलटली, पण कारण सापडत नव्हते. एक कुत्रा मूठभर द्राक्षे खाऊन ठणठणीत राही, दुसरा चार दाण्यांनी आजारी पडे. २०२१ च्या सुमारास तिथल्या तज्ज्ञांना एक धागा मिळाला. पाकशास्त्रात वापरली जाणारी क्रीम ऑफ टार्टर खाल्लेल्या एका कुत्र्यात अगदी तीच लक्षणे दिसली. त्यावरून संशय टार्टारिक आम्लावर गेला. द्राक्षात हे आम्ल भरपूर असते आणि जात, पिकलेपणा, जमीन यांप्रमाणे त्याचे प्रमाण बदलते. मग शोध घेता घेता आणखी एक फळ पुढे आले, ज्यात हे आम्ल असेच मुबलक असते आणि जे खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याची उदाहरणे नोंदली गेली. ते फळ म्हणजे चिंच.

ज्या राज्यात शिमग्याच्या आसपास घरोघरी चिंच फोडली जाते, चिंचोके वेगळे काढून गर मीठ लावून गच्चीवर वाळवला जातो, तिथे ही माहिती मोठी मोलाची आहे. आमटीत पडलेल्या चिमूटभर चिंचेने काही होत नसेल, पण वाळत घातलेल्या चिंचेच्या गोळ्याशी एकट्या राहिलेल्या पिल्लाची गाठ पडू देऊ नये. द्राक्षांचा घड टीपॉयवर आणि बेदाण्यांची पिशवी खालच्या कप्प्यात ठेवू नये. कुत्र्याने यांतले काही खाल्ल्याचे दिसले तर उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता लगेच दवाखाना गाठावा. पहिल्या काही तासांत पोट रिकामे केले तर पुढचे टळू शकते. कांदा-लसूण घातलेली भाजी, कटाची आमटी ही पोळीवर कालवून घालण्याची जुनी सवयही मोडायला हवी, कारण कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याची कोय गिळून आतडे अडकलेले कुत्रे शस्त्रक्रियेसाठी येतात. कोय चोखायला देण्यात प्रेम असते हे खरे, पण ती कचऱ्याच्या झाकणबंद डब्यातच जावी.

रंगांच्या दिवशी प्राण्याला घरात, शांत खोलीत ठेवावे. बाजारातल्या रंगांत धातूंचे क्षार असू शकतात, आणि कुत्रा-मांजर अंगावर पडलेले सगळे चाटून पोटात घेते. रंग लागलाच तर कोमट पाणी आणि सौम्य शॅम्पू. रॉकेल किंवा तेल-पेट्रोलने रंग काढण्याचा प्रयोग कातडी भाजतो.

उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या बेतात मुलांच्या हट्टापायी अनेक घरांत पिल्लू येते. या पिल्लांचा सर्वांत मोठा शत्रू पार्व्हो. हा विषाणू १९७८ च्या आधी कुणाला माहीत नव्हता. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनिया या रोगाच्या विषाणूत किंवा त्याच्या जवळच्या भावंडात बदल होऊन तो कुत्र्यांत शिरला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तो बाहेरच्या मातीत, फरशीच्या सांध्यात महिनोन्‌महिने टिकतो आणि नेहमीच्या फरशी पुसण्याच्या औषधांना दाद देत नाही. ब्लीचिंगचे द्रावण मात्र त्याला मारते. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले, तिथे पुढच्याच महिन्यात दुसरे आणणे म्हणूनच क्रूरपणाचे ठरते.

लसीचे तीन-तीन डोस कशाला, असा प्रश्न प्रत्येक नवा मालक विचारतो. त्याचे उत्तर आईच्या चिकात आहे. पहिल्या दुधातून पिल्लाला तयार प्रतिद्रव्ये मिळतात आणि ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात. पण तीच प्रतिद्रव्ये टोचलेल्या लसीलाही निष्प्रभ करतात. ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस देत जायचे, म्हणजे संरक्षणात खिंडार पडले तरी ते फार दिवसांचे नसते. दोन डोस झाले म्हणून पिल्लाला सोसायटीच्या बागेत सोडणाऱ्यांनी हा हिशेब मनात ठेवावा. जंताचे औषध त्याहून आधी, वयाच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होते, कारण गोलजंत पिल्लाला आईच्या पोटातच लागलेले असतात.

मांजरांच्या बाबतीत वसंत म्हणजे माजाचा काळ. उजेडाचे तास वाढले की मादी माजावर येते, नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. चार-पाच महिन्यांची, स्वतःच अजून पिल्लू असलेली मादीही माजावर येते. नसबंदीचे ऑपरेशन हा तिच्या आरोग्याचाच भाग आहे. माजाआधी केलेल्या ऑपरेशनमुळे पुढे स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता बरीच घटते. गच्चीवर, जिन्याखाली जन्मलेली पिल्ले उचलून आणणाऱ्या मायाळू घरांनी त्यांना आधीच्या मांजरात लगेच मिसळू नये. डॉक्टरांकडून तपासून, तिहेरी लस सुरू करून मगच एकत्र आणावे.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांबद्दल एकच गोष्ट इथे पुरे. याच महिन्यांत पोपटांच्या ढोलीतून पिल्ले काढून बाजारात विकली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे देशी पोपट पाळणे आणि विकणे गुन्हा आहे, आणि ढोलीतून काढलेल्या पिल्लांतली कित्येक वाटेतच मरतात. असे पिल्लू दयेपोटी विकत घेतले तरी पुढच्या वेळी ढोलीत हात घालणाऱ्याला त्यातून पैसेच मिळतात.

महाराष्ट्रात हे ज्ञान नवे नाही. परळचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. त्याच आवारातले बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याहूनही थोडे आधीचे. २००० साली नागपुरात पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ उभे राहिले. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे मोठे रुग्णालय सुरू झाले. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, जिथे रेबीजची लस टोचून घेता येते. उणीव आहे ती प्राणी धडधाकट असताना दवाखान्याची पायरी चढण्याची.

रेबीजच्या लसीबाबत गोव्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे २०१४ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी मिळून गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना कुत्रा चावल्यावर काय करायचे ते शिकवले, संशयित कुत्र्यांचा माग ठेवला. सत्तर टक्के कुत्र्यांपर्यंत लस पोहोचली की रोगाची साखळी तुटते, हे तत्त्व त्यामागे होते. २०२१ साली गोव्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर केले. ज्या वाड्यात, ज्या सोसायटीत घरच्या कुत्र्यांबरोबर दारावरच्या कुत्र्यांनाही वर्षातून एकदा लस मिळते, तिथे हाच हिशेब लहान प्रमाणावर चालतो. पहिली लस तीन महिन्यांच्या वयात, पुढे दरवर्षी. बाहेर न पडणाऱ्या मांजरालाही ती हवीच, कारण गच्चीवरचा बोका ‘घरातले मांजर’ असा भेद करत नाही.

आणि शेवटी लेप्टो. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत माणसांमध्ये लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तेव्हा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला. उंदरांच्या लघवीतला जंतू तुंबलेल्या पाण्यातून कातडीवरच्या ओरखड्यांवाटे शरीरात शिरतो, यकृत आणि मूत्रपिंडे धरतो. कुत्रा त्या पाण्यातून अनवाणी चालतो आणि डबक्यातले पाणी पितोही. आजारी कुत्र्याच्या लघवीतून हा रोग घरातल्या माणसांना होऊ शकतो. लस आहे, पण पहिल्या वर्षी तिचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने लागतात, त्यानंतर संरक्षण तयार व्हायला आणखी थोडे दिवस, आणि ते टिकते साधारण एक वर्ष. मोसमी पाऊस मुंबईत सरासरीने ११ जूनला पोहोचतो, तळकोकणात त्याही आधी. मागे मोजत गेले तर पहिला डोस एप्रिलच्या उत्तरार्धात आणि दुसरा मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत व्हायला हवा. गेल्या वर्षी दोन्ही डोस वेळेवर झाले असतील तर एक बूस्टर पुरतो. तारीख उलटून बरेच महिने गेले असतील तर बहुधा पुन्हा दोन द्यावे लागतात. ते ठरवणे डॉक्टरांना सोपे जावे म्हणून लसीकरणाची जुनी वही सोबत न्यावी, आणि ती हरवली असेल तर त्याच दिवशी नवी करून घ्यावी.